आवाज वाढवला की ऐकू येते, हा गैरसमज

कमी ऐकू येणाऱ्यांविषयी एक समज सर्रास पसरवला जातो. त्याचा आशय असा: श्रवणदोष म्हणजे कानापर्यंत आवाज कमी पोहोचणे, म्हणून मोठ्याने बोलावे किंवा श्रवणयंत्राचा आवाज वाढवावा, आणि जी व्यक्ती शांत खोलीत नीट ऐकते पण चारचौघांत पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारते, ती सोयीपुरते ऐकते. यातले शेवटचे विधान चुकीचे तर आहेच, शिवाय ते अन्यायकारकही आहे.

पहिला मुद्दा आवाज कमी पोहोचण्याचा. कानात मळ साठला असेल किंवा मधल्या कानात बिघाड असेल, तर तो बराचसा खरा आहे. वयोमानाने किंवा सततच्या गोंगाटाने येणारा दोष मात्र बहुधा आंतरकर्णात असतो. तेथील शंखाकृती नलिकेतल्या पटलाची प्रत्येक जागा ठरावीक वारंवारतेला (आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीला) प्रतिसाद देते, आणि बाहेरच्या केशपेशी (केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी), ज्या एका कानात साधारण १२,००० असतात, हलक्या आवाजांना बळ देतात व प्रत्येक जागेचा प्रतिसाद वारंवारतांच्या अरुंद पट्ट्यापुरता राखतात. गोंगाटातला जो भाग एखाद्या स्वराच्या आसपासच्या पट्ट्यात येतो, मुख्यतः तोच त्या स्वराला झाकतो, म्हणजे ऐकू येऊ देत नाही, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर यांनी १९४० मध्ये मांडले. केशपेशी निकामी झाल्या की हा पट्टा रुंदावतो, कित्येकदा दुपटीहून अधिक, आणि निरोगी कानाने जो गोंगाट बाजूला ठेवला असता तोही बोलण्यावर पसरतो.

त्यात भर अशी, की खालच्या वारंवारतेचा आवाज वरच्या वारंवारतेला सहज झाकतो, उलट तितके घडत नाही, आणि आवाज जितका मोठा तितका हा परिणाम वाढतो. म्हणून एखाद्या मशीनच्या घरघरीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला ‘आ’ स्पष्ट ऐकू येतो, पण दोन्ही शब्द वेगळे करणारे शेवटचे व्यंजन हरवते. ओरडून बोलल्यास स्वरांचा जोर व्यंजनांपेक्षा जास्त वाढतो. म्हणजे जे आधीच ऐकू येत होते तेच आणखी मोठे होते.

आता ‘सोयीपुरते ऐकण्या’चा आरोप. शेजारी दुसरे कोणी बोलत असताना त्या बोलण्यात क्षणाक्षणाला फटी पडतात, आणि निरोगी कान त्या फटींतून समोरच्याचे शब्द टिपतो. त्यामुळे सलग गोंगाटापेक्षा एकाच व्यक्तीच्या बोलण्यातून वाट काढणे त्याला सोपे जाते. बाधित आंतरकर्णाला हा लाभ फारच थोडा मिळतो, कारण मोठा आवाज थांबल्यावरही त्याचा झाकण्याचा परिणाम ओसरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात फट बुजलेली असते. दोन्ही कानांच्या साहाय्याने दिशेवरून आवाज वेगळे काढण्याची क्षमताही उणावते. शांत खोलीत झाकणारे काहीच नसते, म्हणून तेथे ही उणीव उघडी पडत नाही. नेहमीचा ऑडिओग्रामही (श्रवणचाचणीचा आलेख) शांततेत एकेक शुद्ध स्वर ऐकवूनच काढला जातो, त्यामुळे गोंगाटातली अडचण त्यावरून पुरेशी कळत नाही. तिच्यासाठी गोंगाटातील वाक्ये ऐकवून वेगळी चाचणी करावी लागते. चारचौघांत पुन्हा विचारणारी व्यक्ती खरे तर इतरांहून अधिक लक्ष देत असते, आणि निसटलेला शब्द संदर्भावरून जुळवता जुळवता थकून जाते.

राहिला यंत्राचा मुद्दा. श्रवणयंत्र उपयोगी आहेच, कारण अजिबात न पोहोचणारे हलके आवाज ते ऐकू येण्याच्या मर्यादेत आणते. पण बोलणे आणि गोंगाट दोन्ही एकत्र वाढले तर त्यांतला फरक तेवढाच राहतो, आणि रुंदावलेला पट्टा यंत्राने पुन्हा अरुंद होत नाही. मदत होते ती हा फरक वाढवल्याने: समोरच्या दिशेचा आवाज प्राधान्याने घेणारे मायक्रोफोन, बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ ठेवायचा बिनतारी मायक्रोफोन, आणि यंत्र नसतानाही करता येणारी गोष्ट म्हणजे जवळ येऊन, चेहरा दिसेल असे, नेहमीच्या आवाजात बोलणे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की बोलणे सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि सभोवतालचा गोंगाट होता तेवढाच राहतो.