छप्पर नसलेला इतिहास

मे महिन्यात नागपुरात पाहुणा येत नाही. लग्नाची पत्रिका मिळाली तरी लोक आहेर मोबाइलवरून पाठवून मोकळे होतात. आमचे पुण्याचे साडू मात्र आले, आणि तेही नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापट नऊ दिवसांत. कूलरसमोर बसून संत्रा बर्फी चाखत म्हणाले, "अहो, तुमच्याकडे ते वाकाटक राजे आहेत ना?"

आहेत. पण दीड हजार वर्षांपासून घरी नसतात, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, "न्या की त्यांना मनसर-रामटेकला." मेहुणीच्या नवऱ्यापुढे नाही म्हणायची सोय नसते.

पहाटे निघायचं ठरलं होतं. पण साडूंना आधी तर्री-पोहे खायचे होते. "याला तिखट म्हणता?" म्हणत त्यांनी दुसऱ्यांदा तर्री घेतली, आणि पुढचा बराच वेळ ते ज्या खोलीत होते तिथून त्यांना हाक मारणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. निघालो तेव्हा ऊन चांगलं कामाला लागलं होतं. बायकोनं दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला. "लू लागत नाही." साडूंनी त्याला शास्त्रीय आधार विचारला आणि कांदा डायनिंग टेबलावर ठेवून दिला.

जबलपूर रोडनं मनसर. हिडिंबा टेकडी. 1990च्या दशकाच्या अखेरीस इथं उत्खनन झालं आणि टेकडीच्या पोटातून विटांची प्रचंड वास्तू निघाली. एकावर एक चढत जाणारे ओटे, कोनाडे, पायऱ्या. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं हे प्रवरेश्वराचं देऊळ, असं अभ्यासक मानतात. साडू प्रत्येक कोनाड्यापुढे थांबून हे मला सांगत होते. मी सावली शोधत होतो. भग्नावशेषांची अडचण ही असते की त्यांचं पहिल्यांदा छप्पर जातं. भिंती उरतात, जोतं उरतं, पायऱ्या तर अगदी धडधाकट उरतात. पण माणसानं उभं कुठं राहायचं, याचा विचार काळानं केलेला नसतो.

खाली झाडाखाली दुपट्टा बांधून एक म्हातारा बसला होता. तो ओरडला, "काऊन जी, या टायमाले? विटा का कुठी पळून जाऊन राह्यल्या?"

साडू तोवर दमले होते. एका प्राचीन ओट्यावर ते मोठ्या आदरानं टेकले आणि त्याहून मोठ्या वेगानं उठले. बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती टाकायचंच काय ते बाकी होतं. जरा वेळानं दुसरीकडे बघत ते म्हणाले, "तुमच्याकडचा तो कांदा... जरा बघू." मी दिला. मनसरला सापडलेली शिवाची देखणी मूर्ती दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देवालाच कळलं, इथं राहण्यात अर्थ नाही.

रामटेकच्या गडावर चपला काढाव्या लागतात. त्यानंतरचं आमचं दर्शन उड्या मारत झालं. फरशीवर सावलीचा तुकडा दिसला की तिकडे धाव, मग पुढच्या तुकड्याचा अंदाज. इथली माकडं एरवी हातातली पिशवी हिसकावतात. त्या दुपारी ती कमानीखाली आडवी पडली होती. एकानं आमच्या पिशवीकडे पाहिलं आणि एवढं उठायचं कुणी, असा विचार करून डोळे मिटले. कालिदासाच्या यक्षाला 'मेघदूता'त रामगिरीवर दाट सावलीची झाडं लाभली होती. हे रामटेक म्हणजेच ते रामगिरी असेल, तर ती झाडं कुठं गेली हे कुणीतरी विचारायला हवं.

आणि मग केवल नरसिंह. बाहेरून बसकं, जाड दगडी देऊळ. छप्परासकट! आत पाऊल टाकलं आणि अंगावरून गारवा फिरला. भिंतीतल्या शिलालेखात प्रभावतीगुप्ताचं घराणं आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, प्रवरसेनाची आई. नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून राज्य तिनंच चालवलं. पण मला त्या घराण्याचं खरं कर्तृत्व त्या छतात दिसलं. समोर तांबड्या दगडाचा भला मोठा नरसिंह. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही. जेवण झाल्यावर नागपूरकर दुपारी ओसरीवर बसतो तसा एक गुडघा उभा करून निवांत बसलेला.

साडू खाली बसले आणि भिंतीला पाठ टेकली. वाकाटकांबद्दल त्यानंतर अवाक्षर नाही. "निघायचं ना?" म्हटलं तर म्हणाले, "शिलालेख वाचतोय." डोळे मिटलेले होते.

ऊन कलल्यावर कसंबसं त्यांना उठवलं. घरी आल्यावर पन्ह्याचे चार ग्लास रिचवून, डोक्यावर ओला टॉवेल आणि पाय गार पाण्याच्या टबात, अशा थाटात त्यांनी पुण्याला फोन लावला. "छे हो, ऊन कसलं! कोरडी हवा आहे इथली, जाणवतसुद्धा नाही. उद्या नगरधनचा किल्ला करायचा म्हणतोय."

मी तेवढ्यात बाहेर जाऊन गाडीच्या एका चाकातली हवा सोडून आलो.