नॅक आणि कडी

आमच्या बाथरूमच्या कडीची एक खुबी आहे. दार खांद्याने किंचित रेटायचं, मूठ धरून केसभर वर उचलायचं आणि नेमक्या त्याच क्षणी कडी मागे ओढायची. घरात सगळ्यांना हे जमतं. बायको एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओले कपडे अशा अवस्थेतही बाहेर येते, तिचा तिसरा हात कुठून येतो देव जाणे. पाहुण्यांना एक दिवस लागतो. मी या घरात अकरा वर्षं राहतोय, पण त्या दाराने मला अजून घरचा मानलेलं नाही.

त्या रविवारी बायको बाहेर गेली होती. घरात मी आणि आठवीतली भाची. मी रेटलं, उचललं, ओढलं. मग ओढलं, उचललं, रेटलं. कडी ढिम्म. अंगाला साबणाचा वास आणि कपाळाला घाम, अशा स्थितीत बाहेरून आवाज आला.

“मामा, आत आहेस का?”

“आहे.” दुसरीकडे कुठे असण्याची सोयच नव्हती.

“बरा सापडलास. टॅलेंट, अ‍ॅप्टिट्यूड, गिफ्ट, फ्लेअर आणि नॅक. फरक सांगायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. उद्या वही द्यायचीये.”

“अगं, कडी अडकलीये माझी.”

“हो का? मग तुला वेळच आहे.”

वही उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ ती दाराला टेकून खाली बसल्याचा. “डिक्शनरीत पाचही शब्दांपुढे अंगभूत कौशल्य एवढंच लिहिलंय. मग पाच शब्द कशाला काढले?”

प्रश्न रास्त होता. दार उघडं असतं तर मी ‘बाईंना विचार’ म्हणून सटकलो असतो. पण बंद दाराआड माणूस एक तर गातो, नाही तर विद्वान होतो. माझा गळा ठाऊक असल्यामुळे मी दुसरा मार्ग धरला.

“टॅलेंट म्हणजे मूळचं वजन,” मी म्हणालो.

“कुणाचं?”

“चांदीचं. ग्रीकांचं ते वजनाचं माप होतं, टॅलंटन. मूळ अर्थ तराजू. आपल्या ‘तुला’ या शब्दाचं ते नात्यातलंच. अथेन्समधला एक टॅलेंट साधारण 26 किलोचा. तेवढी चांदी म्हणजे 6,000 द्राख्मा, म्हणजे तिथली चांदीची नाणी.” मग बायबलातली गोष्ट सांगितली. मालक परगावी जाताना एका नोकराला पाच टॅलेंट देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे रक्कम दुप्पट करतात, तिसरा भीतीने खड्डा खणून पुरून ठेवतो, आणि मालक परत आल्यावर बोलणी खातो. पुढे या गोष्टीचा अर्थ लावता लावता ती चांदी माणसाच्या अंगचे गुण होऊन बसली.

“म्हणजे टॅलेंट वापरायचं असतं, पुरायचं नसतं,” भाची म्हणाली.

“हो. आणि ‘मुलगा फार टॅलेंट आहे’ असं लिहू नकोस. मुलगा टॅलेंटेड असतो. टॅलेंट त्याच्यापाशी असतं.” ही चूक आपल्याकडे इतकी रुजलीये की लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे ‘आमचा मुलगा टॅलेंट आहे’ म्हणाले, की मला लगेच 26 किलोचा जावई दिसतो.

मी पुन्हा कडीला हात घातला. खरखर झाली, बस.

अ‍ॅप्टिट्यूडला मी फार वेळ दिला नाही. टॅलेंट म्हणजे जे दिसतं ते, अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे शिकवलं तर पटकन येईल अशी आतली तयारी. म्हणून त्याची चाचणी घेतात, टॅलेंटचा कार्यक्रम करतात. मराठी परिभाषेत त्याला अभिक्षमता म्हणतात, आणि तो शब्द न अडखळता उच्चारायला अंगी थोडी अभिक्षमता असावीच लागते. एक गंमत मात्र सांगितली. अ‍ॅप्टिट्यूड आणि अ‍ॅटिट्यूड हे सख्खे भाऊ. दोघांचं मूळ एकच लॅटिन शब्द, फक्त एक इटलीकडून वळसा घालून आला. “तरीच,” भाची म्हणाली, “बाबा म्हणतात, माझ्याकडे दुसराच भाऊ आलाय.”

गिफ्ट सोपं. आपण निसर्गाची देणगी म्हणतो तेच. त्याच धातूतून निघालेल्या जर्मन शब्दाचा अर्थ मात्र विष असा होतो, तेव्हा जर्मन माणसाला वाढदिवसाला काय आणलंय हे सांगताना जपून. फ्लेअरचं मूळ फ्रेंच, आणि त्या मुळाशी वास घेणं आहे. शिकारी कुत्र्याला माग लागतो ना, तसा. हा अर्थ मला तिला समजवावाच लागला नाही.

“म्हणजे आई म्हणते ना, मामाला सुरांचा गंध नाही, तसं?”

“तसंच.” एखाद्या भाषेची नस इतकी अचूक सापडल्यावर अपमान गिळावा लागतो. “स्पेलिंग नीट लिही. दुसरं फ्लेअर म्हणजे भडका.”

“आता नॅक.”

इथे माझी गाडी थांबली. आधीच्या चारांना मी वजन, तयारी, देणगी, वास असं काहीतरी बोट धरायला दिलं होतं. नॅकला बोट कुठलं द्यावं? टॅलेंटसारखी त्याची आरती होत नाही, फ्लेअरसारखी ऐट नाही. कुणी ‘या मुलीत नॅक आहे’ म्हणून शिष्यवृत्ती देत नाही. नॅक घरगुती असतं. घट्ट बसलेलं झाकण, एकाच बाजूने ओढली तरच सुटणारी गाठ, दोनदा थोपटल्यावर सुरू होणारा रिमोट. शहाणपणाचा यात संबंध नाही. उलट जास्त विचार करणारा यात हमखास नापास होतो. मला विचारा.

“नॅकच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा के मुका का आहे?” बाहेरून शंका.

“पूर्वी नव्हता. नी म्हणजे गुडघा आणि नो म्हणजे जाणणं, यांतला के पूर्वी इंग्रज स्पष्ट म्हणायचे. सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी तो टाकून दिला. संस्कृतात गुडघा जानु आणि जाणणं ज्ञा. त्या केचे हे भाऊबंद आपल्याकडे अजून बोलतात.”

“नॅकला संस्कृतात काय?”

मी बादली उलटी करून तिच्यावर बसलो. मुक्काम लांबणार हे दिसतच होतं. संस्कृतात कुशल शब्द आहे. परंपरा सांगते की कुशल म्हणजे कुश गवत आणणारा. त्या गवताच्या पात्याला धार असते, ते हात न कापता खुडायला विशेष सराव लागतो. त्यावरून कुठल्याही कामात तरबेज असलेला तो कुशल. मला वाटतं, नॅकच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी व्युत्पत्ती नाही. पण आज कुशल शब्दाला अर्ज-दाखल्यांचा वास येतो. रोजच्या बोलण्यात नॅक म्हणजे हातोटी. माणसाकडे असली तर हातोटी, आणि वस्तूत असली तर खुबी. गंमत म्हणजे आपल्याकडे हे सगळं हातापाशीच आहे. हातोटी, हातखंडा, हात बसणे, हाताला वळण असणे. डोक्याला या व्यवहारात कुणी विचारलेलं नाही.

“वाक्य सांग.”

“दोन प्रकार आहेत. माणसाकडे असलेलं नॅक, त्याच्यापुढे फॉर येतं, आणि क्रियापदाला आयएनजी. शी हॅज अ नॅक फॉर सॉल्व्हिंग पझल्स. टू सॉल्व्ह म्हणायचं नाही. ऑफही चालतं. दुसरं म्हणजे वस्तूचं नॅक. देअर इज अ नॅक टू इट. त्याची एक युक्ती आहे, माहीत असल्याशिवाय जमत नाही, असा अर्थ.”

“उदाहरणार्थ?”

“उदाहरणार्थ ही कडी!” मी जरा जोरातच ओरडलो असेन, कारण आतमध्ये आवाज घुमला.

“आणि टिंगलीत पण वापरतात म्हणे?”

“वापरतात. नको त्या वेळी नको ते बोलण्याचं नॅक. त्याला आपण हातखंडा म्हणतो. तुझ्या मामीला विचार, उदाहरणं देईल. नावानिशी.”

पेन्सिल चालू होती. मी तेवढ्यात उभं राहून दार पुन्हा रेटलं, उचललं, ओढलं. क्रम बरोबर होता, जोर बरोबर होता, शास्त्र बरोबर होतं. अकरा वर्षांत मी या प्रक्रियेचा इतका अभ्यास केलाय की तिच्यावर व्याख्यान देऊ शकेन. फक्त कडी निघत नाही.

“मुळात नॅक शब्द आला कुठून?” तिने विचारलं. लिहून झालं होतं बहुधा, ती आता निव्वळ चौकशी करत होती.

“चौदाव्या शतकात त्याचा अर्थ होता लबाडी, फसवाफसवी. हातोटी हा अर्थ पुढे दोनेकशे वर्षांनी आला. आणि त्याच्याही मागे काहीजणांना एक आवाज दिसतो. खट्! काहीतरी फटकन आपटल्याचा.”

“असा?” बाहेर ती उभी राहिली. बाहेरची मूठ कुणीतरी वर उचलल्यासारखी हलली, दार चौकटीत जरासं तरंगलं, आणि तिने खालच्या कोपऱ्यावर पायाने हलकेच ठोकलं. खट्! “आता ओढ.”

ओढली. कडी लोण्यासारखी मागे आली.

बाहेर उजेड होता, पंखा होता, जग होतं. भाची वही छातीशी धरून उभी होती.

“तुला हे बाहेरून उघडता येतं?”

“हो. मामीने शिकवलंय. पहिल्याच दिवशी.”

“मग पाऊण तास काय करत होतीस?”

“गृहपाठ,” ती म्हणाली. “तू बाहेर आला असतास तर पाचही सांगितले असतेस?”

यावर उत्तर नव्हतं. मी वही मागितली. चार शब्दांखालची वाक्यं माझीच होती, सुवाच्य अक्षरात. पाचव्याखाली तिने स्वतःचं वाक्य लिहिलं होतं. ‘आय हॅव अ नॅक फॉर’ एवढं मला वाचता आलं, फॉर बरोबर होता. पुढचं तिने तळहाताने झाकलं आणि म्हणाली, “आयएनजी आहे, काळजी करू नकोस.”