कंपायलरचं व्हर्जन का तपासायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्राम बांधण्याआधी मशीनवर काय काय आहे ते बघणारी स्क्रिप्ट) कंपायलरचं, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या टूलचं, व्हर्जन तपासणं ही जुनाट सवय आहे, फीचर चालतं की नाही एवढंच बघावं आणि तो भाग मी काढून टाकावा, असं तुम्ही लिहिलंत. अर्धं मला मान्य आहे. एखादं फंक्शन आहे का, कंपायलरला सी प्लस प्लस ११ मधलं अमुक समजतं का, हे चार ओळींचा प्रोग्राम कंपाइल करूनच बघावं. अशा स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फ या टूलची शिकवण तीच, आणि माझ्या स्क्रिप्टमधल्या बहुतेक तपासण्याही तशाच आहेत.

पण जे कंपाइल होतं आणि तरी चालत नाही, त्याचं काय? जीसीसी या कंपायलरच्या ४.८ व्हर्जनमधलं रेजेक्स, म्हणजे मजकुरात पॅटर्न शोधायची सोय, घ्या. हेडर आहे, प्रोग्राम कंपाइल होतो, लिंक होतो. चालवताना चौकटी कंसातला साधा पॅटर्न दिला की एरर फेकतो, कारण आतलं काम अर्धवटच होतं. ते ४.९ मध्ये पूर्ण झालं. सेंटओएस ७ या लिनक्ससोबत जीसीसी ४.८.५ येतो. सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला, तरी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये अजून तोच आहे. तिथल्या पोरांना फीचर टेस्ट 'सगळं ठीक' सांगेल आणि प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोग्राम कोसळेल. स्क्रिप्टने सुरुवातीलाच 'जीसीसी ४.९ किंवा पुढचा लागेल' असं स्वच्छ सांगून थांबावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टेस्ट चालवूनच बघा म्हणाल, तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करणारा, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी प्रोग्राम बनवणारा, ती चालवणार कुठे?

त्याहून वाईट म्हणजे कंपायलरच चुकीचा कोड काढतो तेव्हा. ५.१ च्या आधीचा जीसीसी एआरएम६४ प्रोसेसरवर कधीकधी स्टॅक पॉइंटरच्या खालची, म्हणजे प्रोग्रामसाठी राखून न ठेवलेली, मेमरी वापरायचा. नेमका तेव्हा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणारा सिग्नल) आला की डेटा गेला. हे कोणती छोटी टेस्ट पकडणार? लिनक्स कर्नलने २०२१ मध्ये एआरएम६४ साठी सरळ ५.१ ची अट घातली.

मॅकवर अशी तपासणी फसते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तिथला कंपायलर क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो, म्हणून कित्येक स्क्रिप्ट त्याला जुना समजून परत पाठवतात. त्यावर उपाय म्हणजे आधी क्लँगचा मॅक्रो (कंपायलरने स्वतःची ओळख सांगायला ठेवलेलं नाव) विचारायचा, तो नसेल तरच जीसीसीचा. नंबरही प्रीप्रोसेसरकडूनच (कंपाइलच्या आधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) घ्यायचा, कारण जीसीसीचा व्हर्जन सांगणारा डम्पव्हर्जन हा पर्याय उबंटूवर नुसतं १३ सांगून थांबतो. आणि तुलना अक्षरांची नको, त्यात १० हा ९ पेक्षा लहान ठरतो. मेजरला (पहिला आकडा) दहा हजाराने गुणा, मायनरला (दुसरा) शंभराने, त्यात पॅच (तिसरा) मिळवा: ४.८.५ चे ४०८०५. कर्नलची स्क्रिप्टही हेच करते.

डिस्ट्रोवाले, म्हणजे उबंटू, सेंटओएससारखं लिनक्स तयार करणारे, कधीकधी दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये आणतात, तिथे नुसता नंबर फसवतो. त्यासाठी ही तपासणी बंद करायचा पर्याय दिलेला आहे, स्क्रिप्टच्या हेल्पमध्ये दिसेल. तरीही तुमचा कंपायलर अडत असेल, तर कॉन्फिग लॉगमधली व्हर्जनची ओळ इथेच टाका, मी बघतो.