हे खरे आहे काय? : कोकणातल्या होतकरू आमदारांसाठी मार्गदर्शन

परवा महामार्गावर एका डायव्हर्जनच्या तोंडाशी नवा बॅनर लागला. 'मुंबई-गोवा महामार्गाचा प्रश्न सभागृहात लावून धरल्याबद्दल जाहीर अभिनंदन!' वर हात जोडलेले साहेब, खाली शुभेच्छुकांचे वीस गोल फोटो. बांबूला आधार हवा म्हणून तो डायव्हर्जनच्या पाटीलाच सुतळीनं करकचून बांधलाय. त्यामुळे बाण दिसत नाही, साहेब दिसतात. रात्री एखादा सरळ खड्ड्यात गेलाच, तर निदान शेवटचं दर्शन लोकप्रतिनिधीचं.

असा बॅनर आपलाही लागावा असं वाटत असेल तर पुढचं नीट वाचा. रस्ता व्हायची काही गरज नाही. प्रश्न 'लावून धरला' की झालं.

सुरुवात मुहूर्तापासून. पावसाळी अधिवेशन आणि गणपती यांच्यात जेमतेम महिना-दोन महिने असतात. तेव्हा विचारा, 'गणेशोत्सवापूर्वी खड्डे बुजवणार काय?' मंत्री 'होय' म्हणतात, बाकं वाजतात. कशानं बुजवणार, हे मात्र विचारू नका. ओल्या खड्ड्यात डांबर धरत नाही, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, चिखल-पाणी काढून तळ कोरडा करायचा, टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटायला पातळ डांबर, मारायचा, थराथरानं भरून रोलर फिरवायचा. हे एप्रिल-मेचं काम. पावसात करायचंच तर कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता भरायचं डांबरी मिश्रण आणा, तेही साफ केलेल्या खड्ड्यात. आपल्याकडे डंपर येतो, खडी ओततो, वर पेव्हर ब्लॉक बसवतो. चार दिवसांत टायरखालची खडी सुटून मागच्या दुचाकीच्या तोंडावर येते. पण तोवर फोटो निघालेले असतात.

आता तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. साचा तयारच आहे, नाव तेवढं बदला. '(१) मुंबई-गोवा महामार्गाचे काम अनेक वर्षे रखडल्याने अपघात होत आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरही तयारच असतं. '(१) हे अंशतः खरे आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' कुठला अंश खरा, हे कुणी विचारलेलं ऐकिवात नाही. प्रश्नात किलोमीटर, साखळी क्रमांक (रस्त्यावरची नेमकी जागा), ठेकेदाराचं नाव, दोष दायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो, यातलं काही येऊ देऊ नका. आलं तर अधिकाऱ्याला फाइल उघडावी लागते. प्रश्न यादीत खाली लागला तर देवच पावला. प्रश्नोत्तराचा तास संपतो, उत्तर लेखी पटलावर जातं, आणि 'विचारला होता' एवढं तुमच्या हातात उरतं.

प्रश्न चुकीच्या दारात टाकणं हीसुद्धा कला आहे. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून खाली झारापपर्यंत राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा. पेण-वडखळच्या खड्ड्याचा प्रश्न राज्याला विचारा, परशुराम घाटाच्या दरडीसाठी दिल्लीला पत्र लिहा. दोन्हीकडून 'संबंधित यंत्रणेस कळविण्यात आले आहे' येईल.

लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावणारी, चर्चेला लागली तर आवाज चढवा, कागद फडकवा. मंत्री म्हणतील, 'माझ्या दालनात बैठक लावतो.' लगेच खाली बसा.

रेल्वेचं अजून सोपं. कोविडआधी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर आता दिव्याहून सुटते. दादरला चढणाऱ्यानं आधी लोकलच्या गर्दीत बोचकी-पोती, म्हातारी माणसं आणि गणपतीचं मखर घेऊन दिवा गाठायचं. ती पुन्हा दादरहून सोडा, अशी मागणी विधानसभेत करा. रेल्वे केंद्राच्या सूचीत असल्यामुळे उत्तर द्यायची कुणावरच सक्ती नाही, म्हणजे जोखीम शून्य. खासदार असाल तर रेल्वे मंत्रालय लिहून पाठवेल की गाड्या सुरू करणं ही निरंतर प्रक्रिया असून ती परिचालनाच्या व्यवहार्यतेवर अवलंबून असते. फ्रेम करून कार्यालयात लावा. कोकण रेल्वे महामंडळात महाराष्ट्राचाही हिस्सा आहे आणि राज्याचा प्रतिनिधी संचालक मंडळावर बसतो, हे मात्र विसरा. नाहीतर त्या प्रतिनिधीनं या गाडीसाठी बैठकीत कधी तोंड उघडलं का, असा राज्याच्याच अखत्यारीतला प्रश्न तयार होतो. २०२५ मध्ये राज्यानं महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली, तेव्हा 'कोकण रेल्वे' हे नाव राहिलं पाहिजे अशी अट घातली. नावाची अट घालता येते, गाडीची येत नाही.

आणि रस्ता सुरक्षेवर बोलायची वेळ आलीच, तर हेल्मेटवर बोला. हेल्मेट, मोबाईल, वेग, दारू. सगळा दोष चालवणाऱ्याचा, टाळ्या हमखास. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातले जे बदल लागू झाले, त्यातली दंडाची रक्कम लोकांना पाठ आहे. त्याच बदलांतलं कलम १९८-अ मात्र चुकूनही उच्चारू नका. त्यात लिहिलंय की रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. लाखच! एवढ्यात महामार्गावरच्या एका टप्प्याचे बॅरिकेडसुद्धा येत नाहीत. पण तो लाखसुद्धा कुणाकडून वसूल झाला का, हे विचारायला एकाचीही जीभ वळत नाही. न्यायालयानं काय तपासायचं तेही कलमात आहे. रस्ता कसा आहे, त्यावर वाहतूक कुठली, दुरुस्ती कितपत झालेली, धोका यंत्रणेला माहीत होता का, आणि दुरुस्ती होईपर्यंत सूचनाफलक लावले होते का. सगळं मोजता येण्यासारखं. आणि आपल्याकडे काय मोजतात? फिर्याद लिहिताना 'भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. म्हणजे परिस्थिती होती, हे पोलीसही मान्य करतात. काँक्रीटची नवी लेन संपते तिथे जुना डांबरी रस्ता वीतभर खाली, मध्ये ना उतार ना पट्टा, रात्री पांढरा रंग फासलेले चार दगड आणि झाडाची एक फांदी, आणि तिथे गेलेल्या पोराच्या नावावर त्याच्या मरणानंतर निष्काळजीपणाचा गुन्हा! काम चालू असलेल्या रस्त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची पूर्ण पुस्तिका आहे, एसपी ५५. आधी इशारा, मग वळवण्याचा टप्पा, मग कामाचा टप्पा, मग संपल्याची पाटी. कुठल्या वेगाला किती मीटर आधी पाटी, तेही दिलेलं आहे. फांदीचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

अपघाताची नोंद आयरॅड या केंद्राच्या अपघात-माहिती प्रणालीवर होते. पोलिसांनी माहिती भरली की ती रस्ता सांभाळणाऱ्या विभागाकडेही जाते, रस्त्याचा दोष होता का ते लिहायला. आता दोष कुणी लिहायचा? ज्याचा रस्ता त्यानंच! पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, की तो ब्लॅक स्पॉट. म्हणजे तुमच्या वळणावर अजून माणसं कमी पडतायत, थांबा जरा.

पुरे झालं आता. साहेब, तुम्हाला लाज वाटते का? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल एसट्यांसकट गेला, आणि नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे करता येतं. २०११ पासून चाललेलं काम अजून चाललंय, कारण वर्षाच्या आत करा असं कुणी डोक्यावर बसून सांगत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. त्यानंतर तुम्ही पाहणी दौरा केलात, हेल्मेट घालून, सतरा कॅमेरे घेऊन. सभागृहात तुमचं गाऱ्हाणं आणि मंत्र्यांचं 'व्हय म्हाराजा' ऐकायला मतं दिली नव्हती.

प्रश्न विचारायला येत नसतील तर आम्ही लिहून देतो, निदान वाचा तरी. कलम १९८-अ खाली राज्यात आजवर किती खटले दाखल झाले, जिल्हावार द्या. आयरॅडवर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या किती मृत्यूंमध्ये बांधकाम विभागानं रस्त्याचा दोष नोंदवला? दोष दायित्व कालावधीत पडलेले खड्डे ठेकेदाराच्या पैशानं बुजवले की आमच्या, देयकाच्या प्रतीसह सांगा. कोकण रेल्वेच्या संचालक मंडळावरच्या राज्याच्या प्रतिनिधीनं रत्नागिरी पॅसेंजरबद्दल कुठल्या बैठकीत काय म्हटलं, इतिवृत्त पटलावर ठेवा. आणि खासदारांना सांगा, रेल्वेला व्यवहार्यता विचारू नका. त्या गाडीच्या वेळेला आज दादरच्या त्या फलाटावर कुठली गाडी उभी असते, तिचा नंबर मागा. उत्तरात 'प्रश्न उद्भवत नाही' आलं तर खाली बसू नका.