सातव्या वर्षी राणी

शनिवारी कट्ट्यावर फ्रान्सच्या इझाबेलाचा विषय निघाला आणि चहा गार होईपर्यंत कोणी हलले नाही. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याची ही मुलगी नोव्हेंबर १३८९ मध्ये जन्मली. तिला सात वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस उरले असतानाच, १३९६ मध्ये कॅले येथे, इंग्लंडचा एकोणतीस वर्षांचा विधुर राजा दुसरा रिचर्ड याच्याशी तिचे लग्न लावण्यात आले. हुंडा आठ लाख फ्रँकचा ठरला होता.

"त्या लग्नामुळे इंग्लंड आणि फ्रान्समध्ये अठ्ठावीस वर्षांची युद्धबंदी ठरली, हे विसरू नका. हजारो शेतकऱ्यांची घरे वाचणार होती," असे मास्तर म्हणाले.

"मुलीच्या नावावर केलेला करार तो," वकिलांनी उत्तर दिले. "१३९९ मध्ये रिचर्डला पदच्युत करून चौथा हेन्री गादीवर बसला, पुढच्या वर्षी रिचर्ड कैदेत मेला, आणि दहा वर्षांची विधवा इंग्लंडमध्ये अडकली. फ्रान्सने हुंडा परत मागितला, तेव्हा इंग्रजांनी काय काढले? १३५६ मध्ये पुआतियेच्या लढाईत पकडलेल्या फ्रान्सच्या जॉन राजाच्या खंडणीची थकबाकी! म्हणजे पणजोबांचे देणे पणतीच्या हुंड्यातून वळते करायचे."

इथपर्यंत वकिलांचे म्हणणे मला मान्य होते. पण ती केवळ करारातले एक कलम होती, हे मला पटले नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले. नव्या राजाला ती आपल्या मुलासाठी, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीसाठी, सून म्हणून हवी होती. वडील वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेले, माहेर समुद्रापलीकडे, सभोवती नवऱ्याचे राज्य हिसकावणाऱ्यांचा पहारा; अशा स्थितीत त्या मुलीने नकार दिला आणि रिचर्डसाठी दुःख पाळले. १४०१ मध्ये तिला मायदेशी पाठवावे लागले. बखरकारांनी तिच्याविषयी जे लिहिले, त्यात बहुतेक जागी इतर लोक तिच्याबाबत काहीतरी ठरवत असतात. हा नकार मात्र तिचा स्वतःचा आहे, म्हणूनच तो मला फार मोठा वाटतो.

"आणि १४०६ मध्ये?" ताईंनी विचारले. "सोळा वर्षांची असताना अकरा वर्षांच्या चुलतभावाशी, ऑर्लेआंच्या चार्ल्सशी, तिचे पुन्हा लग्न लावले, तेव्हा तिला कोणी विचारले? १४०९ च्या सप्टेंबरमध्ये मुलीला जन्म देऊन ती ब्लुआ येथे मरण पावली, तेव्हा विशीही गाठली नव्हती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मास्तरांनी आठवण करून दिली की इझाबेला परतली त्याच वर्षी तिची धाकटी बहीण कॅथरिन जन्मली, आणि १४२० मध्ये त्रुआच्या तहानुसार त्याच पाचव्या हेन्रीशी कॅथरिनचे लग्न झाले.

"म्हणजे चौथ्या हेन्रीला हवी होती ती सोयरीक अखेर झालीच," वकील म्हणाले.

"झाली," ताई म्हणाल्या, "पण एकोणीस वर्षे उशिरा, आणि दुसऱ्या मुलीच्या नावावर."