पीआय पुरतो, पण कशाच्या जोरावर?

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत की डीसी मोटार म्हणजे सरळ हिशोब, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. कागद कारखान्यात तुम्ही वर्षानुवर्षं साध्या पीआय कंट्रोलरवर (चूक आणि तिची साठत जाणारी बेरीज, म्हणजे इंटिग्रल, बघून आउटपुट ठरवणारा) ड्राइव्ह, म्हणजे मोटारीला वीज पुरवणारं पॅनेल, चालवताय आणि नॉनलिनिअर कंट्रोल (सरळ रेषेत न बसणाऱ्या नात्यांचं कंट्रोल) हे फक्त पेपर छापणाऱ्यांचं खूळ आहे, असंही तुमचं म्हणणं. प्रतिक्रिया अनुभवातून आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फील्ड, म्हणजे मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र, कायम असेल, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. टॉर्क, म्हणजे शाफ्टला फिरवणारा जोर, हा फ्लक्स (त्या क्षेत्राचं प्रमाण) आणि आर्मेचर करंट (फिरणाऱ्या भागातला करंट) यांच्या गुणाकारावर ठरतो. फ्लक्स बदललाच नाही, तर करंट दुप्पट केल्यावर टॉर्क दुप्पट होतो आणि पीआय मजेत चालतो.

पण तुमच्या पॅनेलमधला, एसीचं डीसी करणारा थायरिस्टर ब्रिज बघा. 415 व्होल्ट थ्री फेजवर सहा थायरिस्टरचा पूर्ण ब्रिज शून्य अंश फायरिंग अँगलवर (थायरिस्टर किती उशिरा चालू करायचा तो कोन) साधारण 560 व्होल्ट देतो. फायरिंग अँगल 30 अंश केला की 485, 60 अंशावर 280, 90 अंशावर शून्य. म्हणजे पहिल्या तीस अंशांत 75 व्होल्ट जातात आणि 60 ते 90 मध्ये तब्बल 280! पीआयचं आउटपुट थेट अँगलला जोडलं, तर एकच ट्यूनिंग एका टोकाला मंद आणि दुसऱ्या टोकाला उतावीळ ठरेल. तसं होत नाही, कारण व्होल्टेज अँगलच्या कोसाइनप्रमाणे बदलतं आणि अँगल काढताना ड्राइव्ह मधल्या मध्ये तो कोसाइन उलटा करून घेतो. तुमच्या पीआयला सरळ रेषा दिसते ती त्यामुळे.

हलक्या लोडवर आणखी एक गोष्ट घडते. करंट सलग न वाहता तुटक पल्समध्ये येतो. मग वरचे आकडे लागूच पडत नाहीत आणि करंट लूपचा (करंट मागणीप्रमाणे ठेवणाऱ्या कंट्रोलचा) गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, एकदम खाली येतो. पूर्ण लोडवर नीट बसवलेला लूप इथे सुस्तावतो. त्याला इथे तरतरी यावी म्हणून गेन वाढवलात, तर पूर्ण लोडवर तो थरथरायला लागतो. म्हणून चांगल्या ड्राइव्हमध्ये करंट तुटक आहे की सलग हे ओळखून गेन बदलायची सोय असते. याला नॉनलिनिअर कंट्रोल नाही तर काय म्हणायचं?

बेस स्पीडच्या (पूर्ण व्होल्टेज आणि पूर्ण फील्डवर मिळणाऱ्या वेगाच्या) वर जाताना आपण फील्ड कमी करतो. फ्लक्स निम्मा झाला की तेवढ्याच अँपिअरला टॉर्कही निम्मा मिळतो. इलाज फार अवघड नाही: हव्या असलेल्या टॉर्कला फ्लक्सने भागून करंटची मागणी काढायची, आणि भागाकार हाताबाहेर जाऊ नये म्हणून फ्लक्सला खालची मर्यादा घालायची.

सीरिज मोटारीत तर फील्ड आणि आर्मेचरमधून एकच करंट जातो, म्हणून सॅच्युरेशन (करंट वाढवूनही फ्लक्स फारसा न वाढणं) येईपर्यंत टॉर्क करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 50 अँपिअरवर एक अँपिअर वाढवून जेवढा टॉर्क मिळतो, त्याच्या चौपट 200 अँपिअरवर मिळतो. करंट शून्याजवळ आला की हा गेनही शून्याकडे जातो. अशा मोटारीला एकच सरळ रेषा कुठे लावणार? मुंबईत 1925 साली 1500 व्होल्ट डीसीवर लोकल सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं तिथे सीरिज मोटारींचंच राज्य होतं. तिथल्या जुन्या गाड्यांमध्ये पीआय नव्हताच. गाडी वेग घेईल तसा बॅक ईएमएफ (फिरत्या मोटारीत तयार होणारं उलटं व्होल्टेज) वाढतो, करंट उतरतो, आणि तो ठरलेल्या पातळीखाली आला की रिले रेझिस्टन्सचा पुढचा टप्पा काढून टाकतो. फार देखणी युक्ती होती ती, आणि तीही नॉनलिनिअरच.

अगदी कमी वेगाचा त्रास तुम्हीही पाहिला असेल. शाफ्ट घर्षणाने अडकलेला असतो, इंटिग्रल साठत जातो, मग मोटार झटक्याने सुटते, पुढे निघून जाते आणि पुन्हा अडकते. गेन कितीही फिरवला तरी हे हंटिंग मुळापासून जात नाही. घर्षणाची भरपाई वेगळी द्यावी लागते.

पुढच्या शटडाउननंतर ट्रायल घ्याल तेव्हा रोल रिकामा असताना आर्मेचर करंट ऑसिलोस्कोपवर बघा. पल्समध्ये मोकळी जागा दिसली, तर गेन बदलणारी ती सोय बंद करून वेगाच्या मागणीला छोटासा स्टेप, म्हणजे एकदम बदल, द्या आणि दोन्ही ग्राफ इथे टाका. त्यावर पुढे बोलू.