राहुल कुठंही खेळतो, त्याला काय

जानेवारी २०२५. सिडनीची टेस्ट संपून आठवडा होऊन गेला, ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिरीज ३-१ नं गेली, २०१७ पासून आपल्याकडं असलेली बॉर्डर-गावस्कर ट्रॉफी गेली, आणि तरी माझ्या डोक्यातून एक वाक्य काही जात नाहीये. वाक्य माझ्या धाकट्या भावाचं. तो सांगलीत असतो, मी मेलबर्नला. मेलबर्नच्या बॉक्सिंग डे टेस्टच्या आधी फोनवर बोलत होतो, रोहित परत ओपनिंगला येणार अशी हवा होती, मी म्हटलं हे चुकतंय, के. एल. राहुलला ओपनिंगवरून हलवू नका. तर तो म्हणाला, "दादा, राहुल कुठंही खेळतो, त्याला काय."

मी त्या दिवशी बरंच बोललो आणि फोन ठेवल्यावरही मनातल्या मनात बोलत राहिलो. कारण हे एकट्या भावाचं मत नाही, तिकडं ज्याच्याशी बोलावं तो हेच म्हणतो. रोहितला अ‍ॅडलेडला सहा नंबरवर पाठवलं तिथंच घोळ झाला, कॅप्टन आहे, ओपनर आहे, जागा त्याची आहे, त्याला खाली ढकलून त्याचा रिदम घालवला वगैरे. राहुलचं काय हे कुणी विचारतच नाही.

राहुलचं काय ते मी सांगतो. पर्थला रोहित नव्हता, दुसरं बाळ झालं होतं म्हणून घरी थांबला होता, त्यात चूक काहीच नाही. म्हणून राहुल ओपनिंगला आला. हाच राहुल ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला सहा नंबरवर खेळून शून्य आणि बारा करून टीमबाहेर गेला होता, आणि नोव्हेंबरमध्ये इथंच मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर इंडिया ए कडून खेळताना स्पिनरचा बॉल दोन पायांमधून जाऊन बोल्ड झाला होता. तो माणूस पर्थला पहिल्या डावात ७४ बॉल उभा राहिला. रन फक्त २६, पण ते बॉल बघा. इथल्या नव्या कुकाबुरा बॉलची शिवण कडक असते तोवर तो दोन्हीकडं हलतो, उसळतो, आणि तेवढा वेळ जो काढतो तो मागच्यांसाठी काढतो. दुसऱ्या डावात त्यानं आणि जैस्वालनं मिळून २०१ ची सलामी दिली, राहुल ७७, जैस्वाल १६१, त्यावर कोहलीचं शतक झालं आणि आपण २९५ रननी जिंकलो. ऑस्ट्रेलियात, पहिली टेस्ट, तीही न्यूझीलंडनं घरात येऊन ३-० केल्यावर. ब्रिस्बेनला ४४५ च्या समोर ८४ काढले ते पण त्यानंच. शेवटी आकाश दीप आणि बुमरानं फॉलोऑन वाचवला ते सगळ्यांना आठवतं, पण त्या ८४ शिवाय तिथवर पोचलोच नसतो.

आणि खुद्द रोहितनं अ‍ॅडलेडच्या आधी सांगितलं होतं की राहुल-जैस्वाल चांगले खेळले, जोडी मोडायची नाही, मी खाली येतो. मला तेव्हा रोहितचा इतका अभिमान वाटला होता. बोरिवलीत वाढलेला पोरगा, मराठीत बोलतो, आपला माणूस आहे तो, त्याच्याविषयी माझ्या मनात काडीचा राग नाही. पण सहावर ३, ६ आणि १० झाले आणि मेलबर्नला तो परत वर आला, राहुल तीनवर, गिल बाहेर. पहिल्या डावात रोहित ३. दुसऱ्या डावात ४० बॉल झगडून ९ वर गेला आणि कमिन्सच्या त्याच ओव्हरमध्ये राहुल शून्यावर. त्याच ओव्हरमध्ये! मी शेन वॉर्न स्टँडमध्ये बसलो होतो, वरच्या टियरला, रोहित परत चाललाय आणि राहुल आत येतोय, दोघं एकमेकांना ओलांडून गेले, आणि ओव्हर संपायच्या आत राहुलही मागोमाग. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर वही, प्रत्येक बॉल पेन्सिलनं लिहीत होते, त्यांनी दोन नावांपुढं दोन रेघा मारल्या आणि मला चीज सँडविच देऊ केलं. मी घेतलं. घशाखाली उतरलं नाही.

लंचला ३३ वर ३. मग जैस्वाल आणि पंतनं टी पर्यंत एकही विकेट जाऊ दिली नाही, वाटलं वाचतो आता. टी नंतर पंतनं हेडचा बॉल उचलून मारला, लाँग ऑनला कॅच, आणि १२१ वर ३ चे १५५ ऑल आउट. ३४ रनमध्ये सात. जैस्वालच्या ८४ बद्दल मी इथं लिहीत नाही, तो आउट होता की नव्हता यावर आमच्याकडं अजून दोन तट आहेत.

मी भावाला म्हटलं, बघ, इथं असं करत नाहीत. यांचा ओपनर मॅकस्विनी तीन टेस्ट चालला नाही, काढला, एकोणीस वर्षांचा कॉन्स्टस आणला, त्यानं पहिल्याच दिवशी बुमराला रॅम्प मारून ६० केले. सिडनीला मार्शला बसवलं, वेबस्टर आणला, तो शेवटी नाबाद राहून जिंकून परत आला. रडारड नाही, मोठं नाव बघणं नाही. माझी मुलगी अंडर-इलेव्हन खेळते, तिथं दर शनिवारी ऑर्डर फिरते, सगळ्या पोरी सारखे बॉल खेळतात, कोच स्वतःच्या पोरीला पण शेवटी पाठवतो आणि कुठल्याही आईबापानं त्यावर चकार शब्द काढलेला मी ऐकला नाही. माझ्या ऑफिसात सुद्धा तसंच, खुर्ची कुणाची हे कुणी बघत नाही, काम कुणाला जमतं ते बघतात.

भाऊ शांतपणे म्हणाला, "मग स्मिथचं काय?"

आता हे खरं आहे की वॉर्नर रिटायर झाल्यावर स्मिथनं स्वतः ओपनिंग मागून घेतली, २०२४ च्या सुरुवातीला चार टेस्ट खेळला, ब्रिस्बेनला वेस्ट इंडिजसमोर नाबाद ९१ सोडले तर फार काही झालं नाही, आणि या सिरीजला तो परत त्याच्या चार नंबरवर, आणि तिथून ब्रिस्बेनला १०१, मेलबर्नला १४०. म्हणजे मोठ्या नावाला हवी ती जागा यांनीही दिलीच. मी भावाला म्हटलं ते वेगळं, चार नंबरवर आलेल्या ग्रीनची पाठ गेली म्हणून जागा मोकळी झाली. तो म्हणाला, "बरं." त्याचं हे बरं मला लहानपणापासून माहीत आहे.

लहानपणी आमच्या गल्लीत बॅटिंगचा नंबर कसा ठरायचा ते सांगतो, तुमच्याकडंही असंच असणार. विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघा मारायच्या, एकेका रेघेच्या टोकाला नंबर लिहायचा, वर बॅट आडवी टाकून नंबर झाकायचे आणि ज्यानं त्यानं आपली रेघ धरायची. बॅट उचलली की एकदम आरडाओरडा. ज्याला एक नंबर तो नाचायचा, आणि शेवटचा नंबर आलेला म्हणायचा अंधार पडला तर उद्या माझी पहिली. याच्याइतकी न्यायी सिलेक्शन कमिटी मी कुठं बघितली नाही. फक्त बॅट ज्याची, त्याला रेघ धरावी लागायची नाही. त्याची पहिली बॅटिंग फिक्स. बॅट माझी होती. वडिलांनी दोघांत मिळून आणली होती पण थोरला म्हणून माझी, आणि भाऊ रेघ धरायचा, त्याला बहुतेक वेळा उशिराचाच नंबर यायचा आणि तोवर तो नाल्याच्या बाजूला फिल्डिंग करायचा, कारण बॉल नाल्यात गेला की काढायला त्याला काही वाटायचं नाही.

वडील आम्हाला विजय हजारेंचं सांगायचे. सांगलीचा माणूस, १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या टीमसमोर, लिंडवॉल आणि मिलर समोर, एकाच टेस्टमध्ये ११६ आणि १४५. आपण ती टेस्ट डावानं हरलो हे वडील सगळ्यात शेवटी सांगायचे. अ‍ॅडलेडला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओव्हलच्या बाहेरून वडिलांना फोन केला होता, म्हटलं बघा मी कुठं उभा आहे. मला वाटतं या देशात मला सगळ्यात जास्त आनंद त्या फोनचा झाला असेल.

तर मेलबर्नची टेस्ट हरलो त्या संध्याकाळी मी रिचमंडला ट्रेनची वाट बघत उभा होतो, पाच दिवसांत ३,७३,६९१ माणसं येऊन गेली म्हणे, एमसीजीवर टेस्टला इतकी गर्दी कधीच झाली नव्हती, त्यातली निम्मी तरी आपलीच असावीत असं वाटत होतं, सगळे गप्प. मी भावाला फोन लावला आणि परत तेच सुरू केलं, ऑर्डर, राहुल, नवा बॉल. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "दादा, तू तिकीट काढून बघतोस. आम्ही पहाटे पाचला थंडीत उठून बघतो. तुला आता काय फरक पडतो? तुझी पोरगी तर कॉन्स्टससाठी टाळ्या वाजवत होती, तूच व्हिडिओ पाठवलास."

मला फरक पडतो. हे मला ठणकावून सांगायचंय, भावाला आणि जे कोणी असं म्हणतात त्या सगळ्यांना. कौन्सिलच्या हॉलमध्ये इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली, हातात रोपटं दिलं, फोटो काढला, जुना पासपोर्ट जमा केला, पण पंत लाँग ऑनला कॅच देतो तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो काही जमा करता आला नाही. हो, मुलगी कॉन्स्टससाठी उठून उभी राहिली. मी बसून राहिलो. तिनं मला हात धरून उठवायला बघितलं, मी नाही उठलो, आणि तिचा चेहरा उतरला. तिचं काय चुकलं होतं? तिचा देश आहे हा. दुसऱ्या डावात जैस्वालनं पन्नास केले तेव्हा माझ्यासाठी म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या, माझ्याकडं बघत बघत, आणि ते मला जास्त लागलं.

पण भावाचं ते पहिलं वाक्य डोक्यातून का जात नाही ते मला सिडनी झाल्यावर कळलं. गिल सिडनीला परत आला, रोहित स्वतःहून बाहेर बसला, राहुल परत ओपनिंगला, ४ आणि १३. सगळे म्हणाले बघा, तिथं पण चालला नाही. साउथ आफ्रिकेत सेंच्युरियनला सहावर खेळून १०१ काढणारा, कीपिंग करणारा, एक, तीन, सहा जिथं सांगाल तिथं उभा राहणारा माणूस, आणि मग विचारायचं सातत्य का नाही. मी हे बायकोला तावातावानं सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा मी इथं फोनवर आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याचे आकडे बघत होतो. दर तासाला, स्कोअर बघावा तसे. पन्नास फूट, चोपन्न, सत्तावन्नच्या वर. भावानं आई-वडिलांना विश्रामबागला हलवलं, परत पाण्यात येऊन वडिलांची औषधं आणि आईची देवघरातली पेटी नेली, पाणी ओसरल्यावर चार दिवस चिखल काढला. इथं मित्रांनी विचारलं घरी सगळे ठीक ना, तर मी म्हटलं होतं, भाऊ आहे तिथं, तो बघतो सगळं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पण हेच म्हटलं. वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचलो, तोवर सगळं त्यानं केलं होतं. तो बँकेत लागला होता, पुण्याला प्रमोशन होतं, नाही घेतलं. त्याला कुणी विचारलंच नाही की तुला कुठं खेळायचंय.

आणि मी दोन वर्षांनी घरी जातो तेव्हा मागची खोली माझी असते. एसीची. एरवी तिथं तो, त्याची बायको आणि पोरं झोपतात. मी जायच्या आदल्या दिवशी ते सगळे हॉलमध्ये येतात, कपाटाचे मधले दोन कप्पे रिकामे होतात, त्यात नवीन पेपर घातलेला असतो, आणि मी बॅग उघडून कपडे लावतो. पंधरा वर्षं लावतोय.

काल त्याला फोन केला. जुलैत येतोय, यावेळी आम्ही हॉलमध्ये झोपतो, खोली सोडू नका असं सांगितलं. तो म्हणाला, "कशाला दादा, पोरीला उकडेल. आम्हाला काय, आम्ही कुठंही झोपतो."

मी म्हटलं, नाही, ते चालणार नाही यावेळी. तो हसला, म्हणाला बघू, आईला विचार. मग थोडा वेळ इंग्लंडच्या टूरचं बोललो, जूनमध्ये आहे, ड्यूक बॉल. मी म्हटलं राहुल ओपनिंगलाच पाहिजे. तो म्हणाला, "बरं."